वामनदादा कर्डक : समाजाच्या गळ्यातला कवी

आज आपले तरुण मुक्तछंदात लिहितात, रॅप करतात, ओपन माइकवर उभे राहतात. कवितेत आशय मोठा की रूप, आवाज कोणाचा, यावर चर्चा झडतात. या चर्चेत लोककवी वामनदादा कर्डक यांचे नाव क्वचितच येते. गाणे म्हणजे प्रचार आणि पुस्तकातली ती कविता, हा भेद आपणही नकळत मान्य केला आहे. आम्हाला तो मान्य नाही.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबईत आले, मिळेल ती अंगमेहनत केली, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, समता सैनिक दलात गेले. चाळीत एकाने पत्र वाचून मागितले आणि आपल्याला वाचता येत नाही, याची सल त्यांना लागली. मग एका गुरुजींकडून मुळाक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचन पक्के केले. 1943 साली हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले विडंबनगीत रचले.

ज्यांच्यासाठी लिहायचे, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून त्यांची कविता कानासाठी घडली. ओळखीची चाल, सोपा शब्द, पुन्हा पुन्हा येणारे ध्रुपद आणि पक्के यमक. एकदा ऐकले की बाईमाणूस जात्यावर, मजूर कामावर ते गुणगुणू लागे. हे रूप गरजेतून आले होते, पण त्यामागे कसब मोठे होते.

आशयाचा पल्लाही लहान नाही. बाबासाहेब त्यांच्या गाण्याचा प्राण होते. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बुद्धाची करुणा गावोगावच्या घरात पोहोचवण्यात त्यांच्या गीतांचा मोठा वाटा आहे. त्यांनी धनदांडग्यांना हिशेब विचारला. बाबासाहेबांच्या नावावर जगणाऱ्या, पण त्यांच्या विचाराने न चालणाऱ्या आपल्याच माणसांनाही सोडले नाही. जयजयकाराइतकीच आत्मटीका करणारा हा आवाज होता. वाटचाल, मोहळ हे त्यांचे गीतसंग्रह निघाले, पण त्यांची खरी वही समाजाचा गळा हीच राहिली.

संतांच्या अभंगासारखी शेवटच्या कडव्यात ते वामन ही नाममुद्रा गुंफत. तरीही जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर त्यांचे गाणे वाजते, तेव्हा कवी कोण हे नाचणाऱ्याला ठाऊक नसते. अनेकदा ते शेवटचे कडवे वाजतच नाही.

15 मे 2004 रोजी वामनदादा गेले. त्यांच्याबरोबर गायलेले गायक आता थकले आहेत. तरुणांनो, आपल्या गावातल्या अशा गायकाकडे जा, गाणी ध्वनिमुद्रित करा, चालीसह आणि कवीच्या नावासह जपा. नवे लिहाल तेव्हा एवढेच तपासा : आपले शब्द आपल्या आजीला कळतील का?

वामनदादांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम!