वैशाखातली भिंत

मे महिन्यात हॉस्टेलवर एकच विषय असतो. उकाडा! आपलं कॉलेज पडलं कोकणपट्टीत. पारा जेमतेम ३४, पण सकाळी दहालाच बनियन पिळून काढायची वेळ येते. मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडं पारा ४२ च्या वर जातो म्हटलं की रूमपार्टनर विचारतो, मग तुला इथं काय होतंय रे?

तेव्हा मी त्याला थोडं थर्मो ऐकवतो. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो शरीरातली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. इथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो. म्हणून कोकणातल्या घराला पडवी लागते, समोरासमोर खिडक्या लागतात, वारं लागतं. आमच्याकडं उलटं. जाड मातीच्या भिंती, वर माळवद, आणि दुपारी दारं-खिडक्या बंद! घाम क्षणात वाळतो, त्यामुळं किती पाणी गेलं ते कळतही नाही. कळतं तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आलेली असते.

हे सगळं पुस्तकी ज्ञान मला होतं. पण थर्ड इयरच्या सुट्टीत गावाजवळच एका साईटवर ट्रेनिंगला गेलो आणि गणित बदललं. काम साधं, कंपाऊंड वॉलचं. मजूर भर दुपारी दोनला पाया खणत होते. त्यांच्या पाण्याचं प्लॅस्टिकचं पिंप उघड्या उन्हात. पाणी चहाइतकं गरम. माझ्या सॅकमध्ये मात्र घरून आणलेली गार पाण्याची बाटली होती. मी छत्री धरून वहीत मापं लिहीत होतो. पिंप सावलीत ठेवा, एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून त्या दिवशी निघालं नाही.

संध्याकाळी घरी जाताना चोखोबांच्या समाधीपाशी थांबलो. लहानपणापासून शेकडो वेळा तिथून गेलो असेन. पण चोखोबा भिंतीच्या कामावर गेले, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात नीट शिरलं.

चोखोबा म्हणजे संत चोखामेळा. जन्म विदर्भातल्या मेहुणाराजाचा, असं बरेच जण मानतात. आयुष्य गेलं ते मंगळवेढ्यात. महार समाजात जन्म, त्यामुळं वाट्याला आलेली कामं म्हणजे मेलेली गुरं ओढणं, गावकीची राबणूक, पडेल ती मजुरी. शिवाशिव पाळणाऱ्या त्या समाजात वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. चोखोबा तिथं जायचे, पण देवळात पाऊल टाकायला बंदी! विठ्ठलाला भेटायचं ते बाहेरूनच.

तरीही हा माणूस गप्प बसला नाही. नामदेवांना त्यांनी गुरू मानलं. दिवसभर राबून अभंग रचले, आणि त्यांत भक्तीबरोबर थेट प्रश्नही विचारले. देवाला विटाळ कसा होतो, हा त्यांतला सगळ्यात अवघड प्रश्न. घरात तर अख्खं कवींचं बिऱ्हाडच होतं. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आजही गायले जातात. सातशे वर्षांपूर्वी, गावकुसाबाहेर!

आणि मग तेच गावकूस बांधायला माणसं हवी झाली. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या कुसाचं काम चालू होतं आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्यावर होते. भिंत कोसळली. चोखोबा आणि बरोबरचे मजूर खाली गाडले गेले. साल १३३८, तिथी वैशाख वद्य पंचमी. म्हणजे आपल्या हिशेबानं मे महिना, आमच्याकडच्या उन्हाचा ऐन कहर. ज्या भिंतीनं त्यांना आयुष्यभर बाहेर ठेवलं, तीच अंगावर आली.

पुढं नामदेव मंगळवेढ्याला आले. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, असं समजून त्यांनी त्या गोळा केल्या, अशी कथा आहे. पंढरपूरला महाद्वाराजवळ समाधी बांधली. जिवंतपणी ज्या दारात अडवलं, त्याच दाराशी.

ते दार उघडायला १९४७ साल उजाडलं. साने गुरुजींनी पंढरपुरात १ मे ते १० मे उपोषण केलं, तेही ऐन उन्हाळ्यातच. त्याआधी वीस वर्षं, २० मार्च १९२७ ला, इथं कोकणात महाडला डॉ. आंबेडकरांना तळ्यातलं ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. त्याच बाबासाहेबांनी १९४८ मधला अस्पृश्यतेवरचा आपला इंग्रजी ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत एक चोखोबा आहेत.

थर्मोच्या पुस्तकात तापमान असतं, आर्द्रता असते. सावलीत कोण आणि उन्हात कोण, हे नसतं. गार पाण्याला हात कोणाचा पोचतो, हेही नसतं. ऊन सगळ्यांवर सारखं पडतं म्हणतात, ते खोटं आहे यार.

दुसऱ्या दिवशी साईटवर गेल्यावर आधी ते पिंप दोघांनी मिळून लिंबाच्या झाडाखाली नेलं, वर ओलं पोतं गुंडाळलं. मुकादमाला भीत भीत विचारलं, काम सकाळी सहाला सुरू करून बारा ते चार सुट्टी देता येईल का? तो आधी हसला. तिसऱ्या दिवशी मात्र कबूल झाला. आणि खणलेल्या पायाच्या कडेला मातीचा ढीग टाकू नका, कड ढासळेल, हेही मी या वेळी मोठ्यानं सांगितलं.

उद्या आपल्यातले बरेच जण इंजिनिअर म्हणून साईटवर उभे राहतील. नकाशा हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. भिंतीला आधार आहे ना, आणि पाणी सावलीत आहे ना.