गोलच्या तोंडाशी पंधरा वर्षे – जॉर्ज व्हेझिना

बर्फावरची हॉकी आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिली असेल. पायांत लोखंडी पात्यांचे बूट, खाली गोठलेले पाणी, आणि चेंडूऐवजी रबराची टणक चकती. त्या काळी गोलरक्षकाच्या तोंडावर मुखवटा नसे, आणि १९१८ च्या जानेवारीपर्यंत चकती अडवायला खाली बसला तर त्याला दंड होई. म्हणजे जे करायचे ते उभ्यानेच!

अशा खेळात जॉर्ज व्हेझिना मोठा झाला. जन्म १८८७, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील शिकुटिमी गावी. वडील बेकरीवाले. गंमत अशी की हा गडी सुरुवातीला साध्या बुटांवरच गोल राखीत असे, पात्यांचे बूट बरेच उशिरा पायांत आले. १९१० साली मॉन्ट्रियलचा कॅनेडियन्स संघ शिकुटिमीत आला आणि गावच्या पोरांकडून हरला. कॅनेडियन्सचा गोलरक्षक जो कॅटरिनिच याने स्वतःच या मुलाला संघात घ्या म्हणून शब्द टाकला. आपली जागा जाणार हे त्याला कळत नव्हते असे थोडेच?

३१ डिसेंबर १९१० रोजी व्हेझिना कॅनेडियन्सकडून पहिला सामना खेळला. त्यानंतर लीगचे ओळीने ३२८ सामने, शिवाय ३९ बाद फेरीचे. एकही चुकला नाही. डोके इतके थंड की लोक त्याला शिकुटिमीची काकडी म्हणत. १९१६ आणि १९२४ साली स्टॅन्ली कप जिंकला. पहिल्या विजयाच्या सुमारास झालेल्या मुलाच्या नावात त्याने स्टॅन्ली घातले. त्याला बावीस मुले होती असे पुष्कळ ठिकाणी छापून आले आहे, पण ती निव्वळ थाप, मुलगे दोनच.

२८ नोव्हेंबर १९२५ रोजी पिट्सबर्गविरुद्ध तो १०२ अंश तापात उभा राहिला. पहिल्या भागात एकही गोल होऊ दिला नाही. पुढे मात्र त्याला मैदान सोडावे लागले. निदान झाले क्षयाचे. त्यावर तेव्हा औषध नव्हते, स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून जवळजवळ वीस वर्षे होती. तो गावी परतला आणि २७ मार्च १९२६ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी वारला.

संघाच्या तिघा मालकांनी त्याच्या नावे गोलरक्षकासाठी चषक दिला. त्या तिघांतला एक होता जो कॅटरिनिच. पहिली तीन वर्षे तो चषक जॉर्ज हेन्सवर्थने मिळवला, म्हणजे व्हेझिनाच्या रिकाम्या जागी आलेल्या माणसाने.