बर्फाच्या वाटेवरची लुईस

मैत्रिणींनो, चार दिवस यात्रेला जायचं तरी आपल्या याद्या महिनाभर आधी सुरू होतात. मग थेट उत्तर ध्रुवाकडे बोट न्यायची तर? म्हणूनच लुईस बॉइडचं मला भारी कौतुक वाटतं.

१८८७ साली कॅलिफोर्नियात श्रीमंताघरी जन्मलेली ही मुलगी. दोन्ही भाऊ कोवळ्या वयात गेले, १९२० पर्यंत आईवडीलही. मागे उरली एकटी लुईस आणि भलीमोठी इस्टेट. १९२४ मध्ये प्रवासी बोटीतून तिनं समुद्रावर पसरलेला बर्फ पाहिला आणि वेडच लागलं. १९२६ मध्ये नॉर्वेची ‘हॉबी’ बोट भाड्यानं घेऊन तिनं फ्रान्झ जोसेफ लँडची सफर केली.

१९२८ ची तयारी झाली आणि बातमी आली. दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोचलेला आमुंडसेन हरवलेल्यांना शोधायला गेला, तो विमानासह बेपत्ता! लुईसनं सहल सोडून दिली. बोट नॉर्वे सरकारला दिली, स्वतःही शोधाला निघाली. सुमारे १०,००० मैल फिरूनही तो सापडला नाही.

पुढच्या सफरी मात्र नुसत्या हौसेच्या राहिल्या नाहीत. १९३३, १९३७ आणि १९३८ मध्ये तिनं स्वखर्चानं शास्त्रज्ञांना पूर्व ग्रीनलंडला नेलं, स्वतः फोटो काढले. १९५५ मध्ये, ६७ व्या वर्षी, ती विमानानं उत्तर ध्रुवावरून गेली. १९७२ मध्ये तिचं निधन झालं, तोवर पैसा जवळपास संपला होता. पण मला विचाराल तर तो वाया मुळीच गेला नाही. तुम्हाला काय वाटतं?