खाटेवरून म्हाताऱ्यांना उठवणाऱ्या डॉ. मार्जरी वॉरन

साल १९३५. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलच्या ताब्यात शेजारच्या वर्कहाऊसचा, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी आसऱ्याचा, दवाखाना आला. सोबत ७१४ पेशंट. बहुतेक म्हातारे, कित्येक जण वर्षानुवर्षं अंथरुणात. यांचं आता काही होणार नाही, असं सगळ्यांनी धरूनच टाकलेलं.

जबाबदारी आली डॉ. मार्जरी वॉरन यांच्यावर. १८९७ चा जन्म, कल खरं तर सर्जरीकडे. त्यांनी एकेका पेशंटला नीट तपासायला घेतलं. उठून चालता येतं का? लघवी-संडासवर ताबा आहे का? डोक्यात गोंधळ होतो का? त्यावरून पेशंटचे पाच गट पाडले. साधीच गोष्ट, पण तोवर ती झाली नव्हती.

मग दिसलं ते भयंकर होतं. अनेकांना आजारापेक्षा खाटेनेच जास्त अधू केलं होतं. माणूस नुसता पडून राहिला की स्नायू वाळतात, सांधे आखडतात, पाठीला बेडसोर होतात, आणि मग उठणं खरोखरच अवघड होऊन बसतं.

वॉरन यांनी व्यायाम सुरू केले, वॉर्डात उजेड वाढवला, धरून चालायला कठडे बसवले. बरेच जण घरी किंवा वृद्धाश्रमात गेले. खाटा २४० वर आल्या!

१९४३ मध्ये त्यांनी हे सगळं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. वृद्धांच्या उपचारांची वेगळी शाखा हवी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे ब्रिटनमध्ये ती उभी राहिली. १९६० मध्ये मोटार अपघातानंतर वॉरन यांचं निधन झालं.