मुंबईचे शिल्पकार नाना शंकरशेट

ओसाड माळावरून लोहमार्ग गेला म्हणजे त्या माळाला मोल येते. तेथे दुकाने मांडली जातात, घरे उभी राहतात, आणि काल जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्या जागेसाठी चढाओढ लागते. भंडारा जिल्ह्यात तुमसर रोड स्थानकाभोवती वस्ती वाढली ती अशीच. हे वाढलेले मोल एकट्या मालकाच्या कष्टाचे फळ नसते. साऱ्या समाजाचा त्यात वाटा असतो. हा वाटा समाजाला परत करणारा एक धनिक एकोणिसाव्या शतकात मुंबईत होऊन गेला. त्यांचे नाव जगन्नाथ शंकरशेट. लोक त्यांना आदराने नाना म्हणत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. १८२२ मध्ये वडील निवर्तले आणि तरुण वयातच विस्तृत व्यापाराचा व मोठ्या स्थावर मिळकतीचा भार नानांवर पडला.

त्या काळी मुंबईचा व्यापार तटबंदीच्या कोटात चाले. कोटाबाहेर गिरगावच्या बाजूस वाड्या आणि नारळीच्या बागा होत्या. शहर तिकडे पसरू लागले, तशी जमिनीची किंमत चढू लागली. नानांच्या जमिनी याच भागात होत्या. त्यांनी ग्रँट रोडवर नाट्यगृहासाठी जागा दिली. तेथे १८४६ मध्ये नाट्यगृह उघडले. स्त्रीशिक्षणाचे नाव काढणेही कठीण अशा काळात त्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात आसरा दिला.

शहर वाढायचे तर त्याला दूरच्या मुलखाशी जोडले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १८४५ मध्ये जमशेटजी जिजीभाई यांच्यासह त्यांनी रेल्वेसाठी खटपट आरंभिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. १८६७ मध्ये हा लोहमार्ग नागपुरास पोहोचला. पुढे नागपुराहून पूर्वेकडे जाणारा मार्ग तुमसरजवळून गेला.

परंतु वाढत्या शहरात जागेला भाव येतो, तेव्हा गरिबांच्या गरजा दूर लोटल्या जातात. सोनापूरची स्मशानभूमी एके काळी वस्तीबाहेर होती. वस्ती तिच्याभोवती येताच ती दूर शिवडीस हलवावी, असे सरकारच्या मनात आले. खांद्यावर तिरडी घेऊन इतकी वाट चालणे गरीब कुटुंबांना किती जड गेले असते! नानांनी या बेतास निकराने विरोध केला व स्मशानभूमी जागच्या जागी राखली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशाच्या भरात समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी कंपन्या निघाल्या व त्यांच्या भागांवर लोकांनी सट्टा खेळला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि ते भाग कवडीमोल झाले. अनेक धनाढ्य घराणी धुळीस मिळाली. त्याच वर्षी, ३१ जुलै रोजी, नानांनी देह ठेवला.

सट्ट्याने फुगलेले मोल एका पावसाळ्यात वाहून गेले. नानांनी लोकांसाठी राखलेली सोनापूरची भूमी मात्र आजही मुंबईकरांच्या उपयोगी पडत आहे. जमिनीचे खरे मोल तिच्या भावात नसून तिच्या उपयोगात असते, हेच नानांचे चरित्र आपणांस शिकविते.