कै. वासुदेवशास्त्री खरे : एका शिक्षकाची इतिहाससेवा

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्रास जे विद्वान दिले, त्यांत कै. वासुदेव वामन खरे यांचे स्थान मोठे आहे. नव्या पिढीस त्यांचा परिचय व्हावा, या हेतूने त्यांचे अल्पचरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

शास्त्रीबुवांचा जन्म १८५८ साली गुहागर येथे झाला. पुढे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृताचे शिक्षक म्हणून त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. त्यांनी नाटके व काव्येही लिहिली. परंतु त्यांची कीर्ती चिरंतन झाली ती इतिहाससंशोधनाने. १८९२ साली त्यांचे नाना फडणविसांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्या काळी अभ्यासकांची भिस्त मुख्यतः ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथावर व बखरींवर असे. बखर बहुधा प्रसंगानंतर पुष्कळ काळाने, ऐकीव माहितीवर लिहिलेली; छावणीतून त्याच दिवशी धाडलेले पत्र मात्र अस्सल साधन होय.

अशी अस्सल पत्रे पटवर्धन सरदारांच्या दप्तरांत होती. हैदर, टिपू व इंग्रज यांच्याशी झालेल्या युद्धांत पटवर्धन अग्रभागी होते. शाळेचे काम सांभाळून शास्त्रीबुवांनी ते मोडी कागद वाचले, निवडले, कालक्रमाने लावले व १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडशः छापले. पत्रे मुळाबरहुकूम व त्यांवरील विवेचन निराळे, अशी मांडणी असल्याने वाचकास संपादकाचे मतही पारखून घेता येते. १९२४ साली ते निवर्तले. पुढील खंड त्यांच्या पुत्राने सिद्ध केले.

हे लिहिताना आम्हांस एक शल्य बोचते. मिरजोळ्यास आमच्या घराच्या माळ्यावर मोडी कागदांचे एक गाठोडे होते. वाचणारे कोणी उरले नाही, म्हणून आमच्या बालपणी ते न्हाणीच्या चुलीत गेले. पुढे घराण्याचा वृत्तांत लिहावयास बसलो, तेव्हा ओळीओळीस ‘असे म्हणतात’ एवढेच लिहिणे प्राप्त झाले.

तरी ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे. घरातील जुना कागद निरुपयोगी मानू नये. तो ओल व वाळवी यांपासून जपावा, कोठे व कोणाकडे मिळाला याची नोंद ठेवावी आणि मोडी जाणणारास दाखवावा. शास्त्रीबुवांचे खरे स्मारक तेच होईल.