विश्लेषण : मेंदूची लहर की यंत्राचा गोंधळ? एड्रियन यांनी छडा कसा लावला?

अहिल्यानगरच्या एखाद्या रुग्णालयात ईईजी काढताना रुग्णाने डोळे मिचकावले, तरी आलेखावर मोठी लाट उमटते. ती मेंदूची नसते. चेतापेशींचे संकेत टिपणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो : दिसते ती लहर खरी की खोटी? ब्रिटिश शास्त्रज्ञ एडगर एड्रियन (१८८९-१९७७) यांना तो आयुष्यभर पडत राहिला.

बेडकाच्या स्नायूत काय दिसले?

केंब्रिजमधील त्यांचे गुरू कीथ लुकास पाऱ्याच्या उपकरणाने चेतातंतूंतील वीज मोजत. पारा संथ, त्यामुळे वेगवान संकेताचा आकार बिघडे. नोंद नंतर दुरुस्त करावी लागे. १९१६ मध्ये लुकास विमान अपघातात गेले. युद्धकाळात जखमी सैनिकांवर उपचार केलेले एड्रियन १९१९ मध्ये गुरूच्याच प्रयोगशाळेत परतले.

१९२५ च्या सुमारास त्यांनी त्या उपकरणाला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोडला. बेडकाच्या स्नायूची चेता शांत असताना रेषा स्थिर हवी होती, पण ती थरथरत होती. यंत्रात दोष असावा, असेच त्यांना वाटले. मग लक्षात आले, की स्नायू काचेवर टेकवला की थरथर थांबते आणि लोंबकळू दिला की सुरू होते. स्वतःच्याच वजनाने ताणला गेलेला स्नायू त्या ताणाची खबर मेंदूच्या दिशेने पाठवत होता!

पण अनेक तंतूंचे संकेत एकमेकांत मिसळले होते. स्वीडनच्या इंग्वे झॉटरमन यांच्यासह त्यांनी स्नायू कापत कापत एकच संवेदक शिल्लक ठेवला. संकेताचा आकार तोच राहतो, ताण वाढला की सेकंदाला येणाऱ्या संकेतांची संख्या तेवढी वाढते, हे उघड झाले. १९३२ चे नोबेल त्यांना शेरिंग्टन यांच्यासह मिळाले.

आज सॉफ्टवेअर काय करते?

एड्रियन यांनी पात्याने केलेली निवड आता स्पाइक सॉर्टिंग सॉफ्टवेअर लहरींच्या आकारावरून करते. दोन पेशींचे संकेत जवळजवळ एकाच क्षणी आले, तर दोन उंचवट्यांची विचित्र लहर दिसते. आपल्या घरातल्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुणही त्यात शिरते. पडताळणीची युक्ती मात्र जुनीच. एका संकेतानंतर पेशी साधारण एक-दोन मिलिसेकंद थांबते. एकाच गटात त्याहून कमी अंतराचे संकेत सापडले, तर दोन पेशींची सरमिसळ झाली असे समजावे. याच विश्रांतीकाळाचा अभ्यास लुकास आणि एड्रियन यांनी केला होता.

जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी डोक्यावरून टिपलेल्या मेंदूलहरींवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. एड्रियनही साशंक होते. १९३४ मध्ये ब्रायन मॅथ्यूज यांच्यासह त्यांनी स्वतःच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून पाहिले. डोळे मिटले की सेकंदाला सुमारे दहाची लय, उघडले की गायब. त्याच वर्षी फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत प्रात्यक्षिकासाठी एड्रियन स्वतःच बसले.